घरून आलेला फोन

११ सप्टेंबर

जेवताना सगळ्यांसमोर भावेशने विचारलं, पोलंडला जाऊन काय करणार, लूम चालवणार? लूम तर इथं बाजूला शेलारात पण हायत. बाबा हसले. आक्का, बाबांची मोठी बहीण, तर घास थांबवून हसली. मी ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं.

सगळं लिहून ठेवते आता. नंतर कोणी म्हणायला नको की करिष्मा उगाच भांडते. भावेश माझा सख्खा भाऊ, सहा वर्षांनी मोठा. बारावीनंतर कॉलेज सोडलं. दापोड्याला गोडाऊनवर गाड्या लावतो, ड्रायव्हरांवर ओरडतो. घरी आला की माझ्यावर. मी मुंबईत टेक्स्टाइल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. कॉलेजचा तिकडच्या एका विद्यापीठाशी करार आहे. दरवर्षी दोघांना पाठवतात, एक सेमिस्टर, फेब्रुवारी ते जून. शहराचं नाव लिहितात लॉड्झसारखं, म्हणतात वूच. कापडाचंच गाव, भिवंडीसारखं. यात हसण्यासारखं काय आहे?

१३ सप्टेंबर

आईला वूच म्हणायला शिकवलं. ती ‘उच’ म्हणते. दहा वेळा सांगितलं, दहा वेळा उच.

२० सप्टेंबर

‘तुम्हाला इथे का यायचं आहे’ — दोन पानांत लिहायचं. पहिल्यांदा भारताची थोर वस्त्रपरंपरा वगैरे लिहिलं. पुन्हा वाचलं. फाडलं. खरं उत्तर असं की मला पाच महिने कोणी ‘कुठे चाललीस’ न विचारता घराबाहेर पडायचंय. ते लिहिता येत नाही.

शेवटी सूत तुटण्याबद्दल लिहिलं. जुन्या लूमवर दर पाळीला सूत किती वेळा तुटतं, ते मी गेल्या उन्हाळ्यात शेलारच्या एका कारखान्यात बसून मोजलं होतं. महिनाभर. कामगारांना वाटायचं मालकाने पाठवलीय. कोणी बोलायचं नाही माझ्याशी. ते सगळं लिहिलं. बरं झालंय. कोणाला दाखवणार?

२७ सप्टेंबर

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आले होते. मी कागद आणायला आत गेले तेवढ्यात भावेश त्यांना म्हणाला, नीट चौकशी करा साहेब, पळूनबिळून जायची. मग दोघं हसले. मी दारात उभी होते, ऐकलं. हवालदाराने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या पासपोर्टची चौकशी, आणि सगळे प्रश्न भावेशला.

त्याच्याशी बोलणं बंद. कामापुरतंही नाही.

८ ऑक्टोबर

निवड झाली! मी आणि हफसा. हफसा पण भिवंडीचीच, माझ्याच वर्गात. तिचे अब्बा, यूनुसभाई, दुपारीच कॉलेजात हजर — थंडीचे कपडे इथून न्यायचे की तिकडे घ्यायचे, विचारायला. वहीत लिहून घेत होते. मला त्यांचा रागच आला. माणसाने इतकंही चांगलं असू नये दुसऱ्याच्या मुलीसमोर.

घरी सांगितलं. बाबा ‘बरं’ म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. आक्का आमच्याकडेच असते, आणि घर तिच्या शब्दावर चालतं. ती आईला म्हणाली, परत आल्यावर हिला सून करून कोन घेनार हाय? आई पोळी भाजत होती. तिने पोळी उलटली. ती कधीच बोलत नाही यांच्यापुढे. माझ्याकडे आली की तासभर बोलते, आणि तिथे दगड.

१५ ऑक्टोबर

पालकांचं संमतिपत्र पाच दिवस टीव्हीवर पडून होतं. मी रोज सकाळी बघायचे, रोज तिथेच. आज बाबांनी सही केली. वाचलं नाही. ‘रामनाथ’चा ‘र’ मोठा काढतात, तसा काढला. भावेश म्हणाला, बाबा विचार करा, पोर एकटी. बाबा म्हणाले, आता केली ना सही.

विजय झाला असं वाटायला हवं. दात घट्ट आवळून बसलेय नुसती.

३ नोव्हेंबर

लिहायची इच्छा नाही. तरी लिहिते.

कॉलेजच्या ऑफिसातून बोलावणं आलं. मला वाटलं कागद राहिला असेल. तिथला क्लार्क म्हणाला, तुमचं नाव काढलंय. गुरुवारी घरून फोन आला होता, मुलीला पाठवायचं नाही म्हणून. मी म्हटलं, सही आहे ना वडिलांची. तर म्हणे सहीपेक्षा फोन नंतरचा, आम्हाला भानगडी नकोत. कोणी केला फोन? त्याने मान वर न करता सांगितलं, घरच्यांनी. मी दिवसातून पन्नास फोन घेतो. किती लक्षात ठेवू?

मला फोन करून विचारायची गरजही कोणाला वाटली नाही. बावीस वर्षांची आहे मी.

स्टेशनवरून रिक्षाने घरी, अंजूरला येईपर्यंत एकच माणूस डोळ्यांसमोर होता. भावेश गाडी पुसत होता अंगणात. मी विचारलं, कॉलेजात फोन कोणी केला? तो पुसायचा थांबला. आई दारात आली, आक्का आली, बाबा आले. मी ओरडतच होते. सगळं बाहेर काढलं — हवालदार, लूम, सगळं. माझ्यावर जळतोस, तुला बारावीच्या पुढे जाता आलं नाही म्हणून. हेही म्हटलं.

दाराकडे बघितलं त्याने. मग म्हणाला, “हां. मी केला. बोल.”

इतक्या सरळ! लाज नाही.

बाबा चिडले. माझ्यासाठी नाही. “माझी सही हाय त्याच्यावर. माझी सही खोटी पाडनारा तू कोन?” कानाखाली मारली त्याच्या. अठ्ठावीस वर्षांच्या घोड्याला. म्हणाले, निघ. तो निघाला. चावी होतीच हातात.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

६ नोव्हेंबर

बाबा कॉलेजात आले. तीन वर्षांत पहिल्यांदा. पांढरी पँट, पांढरा शर्ट, गळ्यात चेन. क्लार्कच्या टेबलावर हात ठेवून विचारलं, माझ्या सहीवर कोनाचा फोन चालतो? क्लार्क उभा राहिला. विभागाच्या मॅडमना बोलावलं, त्यांनी नवीन पत्र लिहून घेतलं. माझी जागा अजून कोणाला दिली नव्हती. उद्या देणार होते, एका दिवसाने वाचले.

येताना बाबांनी गाडीत रेडिओ लावला. ते माझ्यासाठी आले नव्हते. असू दे. जागा मिळाली.

१४ नोव्हेंबर

भावेश दापोड्याला गोडाऊनच्या ऑफिसातच राहतो म्हणे. पंढरी ड्रायव्हर सांगत होता — दोन वेळा वडापाव खातो, टेबलावर झोपतो. राहू दे.

आई सारखी डोळे पुसते. त्याच्यासाठी! माझं सगळं जाणार होतं तेव्हा हिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

२ डिसेंबर

आईने आज परत तेच. त्याला बोलव ना घरी. तू बोललीस तर बाबा ऐकतील. मी म्हटलं, तुला मुलगाच हवा होता, मी नको होते, सांग ना सरळ. ती मासळी साफ करत होती. हात तसेच पाण्यात ठेवून बसली.

माफी मागणार नाही.

१८ डिसेंबर

व्हिसाच्या ऑफिसात हफसाबरोबर. तिचे अब्बा बाहेर फाइल घेऊन उभे, माझीही फाइल त्यांनीच नंबराप्रमाणे लावली. आतल्या बाईने विचारलं, परत येणार कशावरून? हफसा म्हणाली, माझं घर इथे आहे. माझ्या तोंडून उत्तर निघायला वेळ लागला. डिग्री इथे आहे, असं सांगितलं.

५ जानेवारी

भावेशने पंढरीबरोबर मोठी बॅग पाठवली. चाकांची, नवीन. आत लोकरीचे मोजे, सहा जोड. चिठ्ठी नाही. लाच देतो. पंढरीला म्हटलं, आल्या पावली परत घेऊन जा. आई मध्ये पडली, बॅगचा दांडा धरून ठेवला. मी तिच्या हातातून ओढून घेतली आणि गाडीत टाकली.

पंढरी माझ्याकडे बघत राहिला. बघ.

१९ जानेवारी

आई जेवत नाही नीट. आक्का म्हणते नाटकं. पहिल्यांदा आक्काचं पटलं.

२८ जानेवारी

व्हिसा आला. आईला दाखवला. आक्का देवळात गेलेली, बाबा बाहेर. आईने पासपोर्ट उघडून माझा फोटो बघितला, बंद केला, माझ्या मांडीवर ठेवला.

“फोन मी केलता. भावेशनं न्हाय.”

मला कळेना. ती खाली बघून बोलत होती. नंबर तुझ्या कागदावरून घेतला. तू गेलीस की या घरात मी कोनाशी बोलू, येवढंच आलं मनात. फोन ठेवला तेव्हा भावेश मागे उभा होता. त्याने ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी कालिजात जाऊन सांगून ये, म्हणून तिच्या मागे लागला होता. तिची हिंमत झाली नाही.

म्हणजे त्या दिवशी अंगणात त्याने दाराकडे बघितलं, ते आईकडे.

तीन महिने.

पंढरीला फोन केला. दापोड्याला जाणारी गाडी घेऊन दहा मिनिटांत दारात येतो म्हणाला. आईला म्हटलं, साडी बदल, तू पण चल.