पाहुणा फुगा

ट्यूसॉन, मंगळवार

प्रिय वेंडल,

मी ठणठणीत आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. तुझा गुडघा कसाय? नेब्रास्कात बर्फ पडलाच असेल.

वाढदिवसाला तू पाठवलेला गॅसचा फुगा मिळाला. रविवारी घराचा अलार्म लावून मी चर्चला गेले. इकडे हीटर सुरू झाला, त्याच्या वाऱ्याने फुगा घरभर फिरू लागला आणि अलार्मला वाटलं, चोर शिरला. परतले तर दारात दोन पोलीस. मी त्यांना केक खाऊ घातला.

त्यांतला वयाने मोठा पोलीस म्हणाला, "आजी, केक झकास, पण घरात अलार्म लावायचा शहराचा परवाना कुठंय?"

आमचे हर्ब होते तोवर असले कागद तेच बघायचे.

काल परवान्याच्या ऑफिसात जाऊन अर्ज भरला. खोटा अलार्म सारखा वाजला तर पोलीस येणं बंद करतात. म्हणून वीस मिनिटांत किल्ली घेऊन पोचतील अशा दोघांची नावं लागतात. मी सवयीने तुझं लिहिलं, नातं 'भाऊ' आणि पत्ता नेब्रास्काचा.

खिडकीतली मुलगी हसली. "अहो आजी, विमानाने आला तरी भाऊ नाही पोचायचा!"

मग शेजारणीला किल्ली दिली. सहा वर्षं ती शेजारी राहतेय, पण आधी तिचं नाव विचारावं लागलं. डोलोरेस. दुसरी ओळ अजून कोरी आहे.

फुगा फोडून टाका, असं सगळे सांगतात. तो अजून छताला टेकून आहे. मी अलार्मच बंद ठेवलाय.

घरच्यांना माझी आठवण सांग.

तुझी ताई,
अर्लीन