बर्फात मूठभर मीठ

प्रिय बाबा,

उद्या अकरा वाजता माझी पीएचडीची तोंडी परीक्षा आहे. तुम्हाला जाऊन वर्ष झालं, पण हे दुसऱ्या कुणाला लिहू?

काल आई तुमची कुल्फीची पेटी पुसत होती. सहज बोलली, "तुई शीशी नेली तवा त्यायनं यात मूठभर मीठबी टाकलं होतं. बर्फ लय थंडा राहते म्हणे." माझ्या पायांखालची जमीनच सरकली!

आठवतं ना? मी टायफॉइडनं अंथरुणाला खिळले होते आणि बंगलोरच्या यंत्राची मिळालेली तारीख टळणार होती. इतवारीतली कुल्फीची गाडी बंद ठेवून तुम्हीच माझ्या संशोधनातल्या प्रथिनाची शीशी या पेटीत घालून घेऊन गेलात. मी फक्त "थंड ठेवा" म्हटलं. गोठू देऊ नका, हे सांगायचंच राहिलं. बर्फात मीठ घातलं की आतलं सगळं गोठतं आणि कुल्फीवाला ते घालणारच, हे कुल्फीवाल्याच्या पोरीला सुचू नये?

परत आल्यावर तुम्ही म्हणालात, "घोर नको करू वं, कुल्फीवानी जपून नेली तुई शीशी." आणि मी हसले! तेव्हाच का नाही विचारलं? तुम्ही तरी मीठ घालण्याआधी एकदा विचारायचं होतं, बाबा.

त्या यंत्रातल्या मोठ्या चुंबकात रेणू किती हलतो, ते कागदावर उमटणाऱ्या रेषांवरून कळतं. चपळ रेणूची रेषा बारीक, सुस्त रेणूची जाड. माझ्या रेषा जाड आल्या. हा रेणू मुळातच मंद आहे, असं मी प्रबंधात लिहून टाकलं. तुम्ही तर माझा हा शोध गिऱ्हाइकांनाही सांगत सुटलात! आज सकाळी उरलेलं प्रथिन मीठ-बर्फात गोठवून पाहिलं. वितळल्यावर दुधाळ झालं. म्हणजे रेणू एकमेकांना चिकटले; असे गोळा झालेले रेणू, ते काय हलणार?

खूप भीती वाटते. परीक्षक प्रबंध परत करतील, पाच वर्षं पाण्यात जातील. त्याहून भीती माझी मलाच वाटते, कारण मी गप्प बसले तर कुणालाही कळणार नाही. आणि सांगितलं तर लोक तुम्हाला हसतील, ते कसं सोसू?

तरी सांगणार आहे. प्रथिन वाटेत गोठलं आणि ते कसं न्यायचं हे मी नीट सांगितलं नव्हतं, एवढंच सांगेन. पुन्हा यंत्राची तारीख मिळाली तर मी स्वतः जाईन. पेटी तुमचीच नेईन, बाबा. फक्त मीठ घालणार नाही.

तुमची घाबरट,
सुमी