मामाची करवत आणि माझा बोर्ड

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज सकाळी करवत आपोआप सुरू झाली आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं.

कुणी बटण दाबलं नव्हतं. मामाने पलीकडे रंधा मशीन चालू केलं, दिवे मिणमिणले आणि इकडे टेबलातली गोल करवत भर्रकन फिरायला लागली! पॉलिशवाल्या काकांचा हात नुकताच तिथून बाजूला झाला होता – नाक खाजवायला. त्या नाकाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

मामाच्या सुतारखान्यात एक रीत आहे. मशीन लावणारा आधी ओरडतो – "हात!" – आणि असतील तेवढे सगळे दोन्ही हात वर करतात. सगळ्यांचे हात दिसले की मगच बटण. मला हे बावळटपणाचं वाटायचं. दरोडा पडल्यासारखं दिसतं! म्हणून तर मी बोर्ड बसवला. तळहाताएवढा कॉम्प्युटर, सगळी मशिनं त्याच्या ताब्यात, वर रंगीत पडदा. आवाज नाही, आरडाओरडा नाही. आणि आज हे!

मामा रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने बोर्डाच्या वायरी काढल्या आणि बोर्ड माझ्या हातात दिला. "तुझ्या बाबांना काय सांगू?"

बाबांची अट ठरलेली आहे. दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडून आलो तेव्हाच म्हणाले – महिनाअखेरपर्यंत मामाकडे काही करून दाखव, नाहीतर परत वर्गात. परत! मागच्या बाकावर! त्यापेक्षा जन्मभर भुसा झाडेन.

४ फेब्रुवारी

रस्त्यापलीकडच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानातून ती आली. मामानेच बोलावलं होतं. (तिचं नाव इथे लिहिणार नाही. एकदा लिहिलं की पानभर तेच लिहीत बसेन.) हाताला वॉर्निशचा वास, केसांत तांब्याच्या तारेचा तुकडा. तो काढून द्यावा की नाही, यावरच माझा अर्धा तास गेला.

तिने मीटर लावला, मामाला रंधा सुरू करायला सांगितलं. काटा धप्पकन खाली.

"रंधा उठताना सगळी वीज ओढून घेतो. तेवढ्यात तुझा बोर्ड बंद पडतो आणि परत सुरू होतो. जागा होताना त्याला कळतच नाही काय करायचं, म्हणून जे हाताला लागेल ते चालू करतो."

"असं कधी होतं का?" मी.

"होतं ना. तू सकाळी येतोस तेव्हा बघते मी रोज."

काका इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी तणतणत बाहेर गेलो. रस्त्याच्या टोकाला पोचल्यावर डोक्यात प्रकाश पडला – रोज बघते?

५ फेब्रुवारी

रोज बघते!!

७ फेब्रुवारी

कडाक्याचं भांडण. तिचं म्हणणं, कॉम्प्युटर हवाच कशाला, साधे स्टार्टर बसव.

"मग करवत लागली की भुसा ओढायचा पंखा आपोआप कोण लावणार? तू येणार रोज?"

"बोलावलंस तर येईन की."

भांडण तिथेच राहिलं.

९ फेब्रुवारी

काल डोकं शांत ठेवून (खरंच!) विचार केला. बोर्ड बंदच पडला नाही तर? म्हणजे त्याला स्वतःची बॅटरी हवी. छोटीशी. आज टेबलावर दोन बोर्ड मांडले, दोघांना एकसारखी बॅटरी. एक माझा लाडका मोठा. दुसरा काड्यापेटीएवढा – पडदा नाही, पंखा नाही, गाणी वाजवता येत नाहीत, आत एकच प्रोग्रॅम. मोठा चहा निवायच्या आत आडवा झाला. छोटा संध्याकाळी सुतारखाना बंद करतानाही दिव्याचा डोळा मिचकावत होता. त्याला वीज लागते ती नावापुरती!

मला मोठाच आवडायचा. का, ते आज कबूल करतो – त्याचा पडदा रस्त्यापलीकडच्या दुकानातून दिसायचा.

११ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहायलाही लाज वाटते. पण लिहिणारच.

छोटा बोर्ड जोडला. प्रत्येक वायरीला एकेक रेझिस्टर लावला, म्हणजे बोर्ड मेला, झोपला, काही झालं तरी मशीन बंदच राहणार. ती बघून म्हणाली, "हे चांगलंय." मी हवेत! लगेच पुढे – "पण थांबवायचं लाल बटण बोर्डातून नाही न्यायचं. सरळ मेन लायनीवर. लाल बटणाने तुझ्या बोर्डाची परवानगी कशाला काढायची?"

"माझ्या बोर्डावर विश्वास नाही तुझा?"

"बोर्डावर आहे. तू रागात वायरी जोडतोस, त्यावर नाही."

माझं डोकंच फिरलं. "दुसरं कुणी असतं ना, तर हाकललं असतं! तू मला आवडतेस म्हणून ऐकून घेतोय!"

आणि नेमकं त्याच वेळी आतून मामा – "हात!"

सगळ्यांचे हात वर. काकांचे, माझे, तिचे. कुणाला तोंड लपवायचीसुद्धा सोय नाही. काका हात वर ठेवूनच म्हणाले, "मामा, जरा थांबा, इथे वेगळंच काहीतरी सुरू झालंय."

ती हात खाली घेऊन निघून गेली. लाल बटण मी मेन लायनीवर घेतलं.

१२ फेब्रुवारी

आली नाही.

१३ फेब्रुवारी

नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज परीक्षा. प्रत्येक मशीनला दोन हिरवी बटणं, हातभर अंतरावर. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच बोर्ड मशीन लावतो – मग हात पात्याजवळ जाणारच कसा?

मामा म्हणाला, "म्हणजे आता ओरडायचं नाही?"

"ओरडायचंच! लावणाऱ्याचे हात बोर्डाला कळतात. काकांचे कुठे कळतात?"

मामा रंध्याजवळ गेला. मग अशी आरोळी ठोकली की रस्त्यावरच्या माणसानेही हात वर केले. रंधा घरघरला. दिवे मिणमिणले. सगळ्यांचे डोळे करवतीवर.

करवत गप्प!

पुन्हा लावला. गप्प. मेन स्विच पाडून चढवला. गप्प! काकांनी नाक खाजवून दाखवलं. मामाने तिथूनच बाबांना फोन लावला. "भाऊजी, पोरगं इथेच राहतंय. बाकाचं काय करायचं ते तुम्ही बघा."

वळलो तर ती दारात. कधी आली कोण जाणे.

"त्या दिवशी सगळ्यांसमोर ओरडलास ते पुन्हा म्हण," ती म्हणाली. "पण हळू."

म्हटलं. इतकं हळू मी आयुष्यात कधी बोललो नसेन. "ऐकू आलं," म्हणाली, आणि कान लाल करून रंध्याची मोटर तपासायला बसली. मोटरला काहीही झालेलं नव्हतं.

२० फेब्रुवारी

दुसऱ्या गावच्या गिरणीवाल्याने आमची बटणं पाहिली. त्याला सगळी गिरणी अशी करून हवी आहे. तिने मला न विचारता काम घेतलं – दोघांच्या नावावर. तिचे वडील सोबत येतायत. मोटरी उचलायला आणि, ती म्हणते, माझ्यावर लक्ष ठेवायला.

ज्या सुतारखान्यात राहायला मिळावं म्हणून एवढा आटापिटा केला, तोच सोडायचा! मामाला सांगितलं. तो हातातलं काम न थांबवता म्हणाला, "राहायला जागा मिळाली म्हणून तर जाता येतं, गाढवा. जा."

बाहेर टेम्पोचा हॉर्न. तिचाच. पुन्हा! आलो, आलो – दार ओढून घेतो आणि निघतो.