नंबर नसलेलं पिस्तूल

लीडन फॉल्स, मेन
९ एप्रिल

प्रिय व्हर्ना,

तुला आणि कॉरिनला आशीर्वाद. बर्फ वितळून वाटेचा नुसता चिखल झालाय, परवा टपालाची गाडी माझ्या दारातच रुतली. गुडघा कुरकुरतो, बाकी ठीक. शनिवारी चर्चच्या जेवणाला आलो नाही म्हणून तू रागावलीस हे डब्यावरून कळलं. बीन्स पाठवलेस, पाव नाही!

तुझं निवेदन वाचलं. मंगळवारी विधिमंडळाच्या सुनावणीत प्रत्येकाला तीनच मिनिटं मिळतात आणि तुझं पाच मिनिटांचं झालंय. पहिला परिच्छेद काढून टाक. कारखान्याचा ओळख-नंबर नसलेली, घरी बनवलेली बंदूक बाळगली तर तुरुंग, हे विधेयक आमदारांनीच लिहिलंय, त्यांना काय समजावतेस? कॉरिनचा उजवा हात तेवढा सांग.

तू मलाही नाव नोंदवायला लावलंस. तिथे तीन रकाने असतात: बाजूने, विरोधात आणि 'ना बाजूने ना विरोधात'. मी तिसऱ्यावर खूण केली. तू फोनवर कडाडलीस, "दादा, भाचीला गोळी लागली आणि तुझं अजून ठरत नाही?" मी गुडघ्याचं काहीतरी बोललो. लाज वाटत होती.

आता सांगतो. दीड वर्षापूर्वीच सांगायला हवं होतं.

गावातले लोक पिस्तुलाचे अर्धवट घडवलेले, नंबर नसलेले सांगाडे मागवतात आणि माझ्या गॅरेजमधल्या ड्रिलवर पुरे करतात. माझा नियम ठरलेला: मशीन माझं, हात तुमचा. म्हणजे बनवलं तुम्ही, मी हात झटकायला मोकळा.

त्या ऑक्टोबरात कॉरिनचा नवरा, वेड, असाच एक सांगाडा घेऊन आला. "मामा, कोल्हे कोंबड्या पळवतायत. तासाभराचं काम आहे."

वेडला कोर्टाने तिच्या जवळ जायची आणि बंदूक बाळगायची मनाई केली आहे हे मला माहीत नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आलो. खोटं आहे. तूच मला सांगितलं होतंस. मला वाटलं, नवरा-बायकोचं भांडण आहे, मिटेल.

त्याला ड्रिलचा दांडा नीट धरता येत नव्हता. भोक तिरकं जाणार हे दिसत होतं, आणि चाळीस वर्षं कारखान्यात काढलेल्या मला ते बघवेना. "सरक, वाट लावशील," म्हणालो आणि दांडा हातात घेतला. सगळी भोकं मीच पाडली. "मामा, तुमच्या हाताला तोड नाही," असं तो म्हणाला. मी खूश झालो, व्हर्ना. खरंच खूश झालो.

तीन आठवड्यांनी त्याने तिच्यावर गोळी झाडली. पोलीस घरोघर विचारत आले, तेव्हा मी त्यांना कॉफी पाजली. तुरुंगात वेडने अजून माझं नाव घेतलेलं नाही. कॉरिन डाव्या हाताने कप धरते आणि मला म्हणते, "मामा, जमतंय की मला!" मी मान हलवतो.

काल फोन करून खूण बदलली. 'बाजूने' केली. तुझ्यानंतर लगेच माझा नंबर आहे. उद्या पोलिसांकडे जातोय. कॉरिनला तू काही सांगू नकोस, मी येऊन सांगेन, तिने दार उघडलं तर.

दुसऱ्या पानावर तू लिहिलंयस, 'हे पिस्तूल कोणी बनवलं ते कधीच कळणार नाही.' ते खोड. तिथे माझं पूर्ण नाव घाल, आणि ते वाचताना माझ्याकडे बघू नकोस.

तुझा दादा,
लॉवेल एव्हरेट टिबेट्स