सत्तेचाळीस नंबरची कुपी

दि. ११ फेब्रुवारी

चि. खारूताईस,

मावशीचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, मी त्याच्यावर कुरकुरते. तुझी खुशाली ताईकडून कळते. चार वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस, तेही बरोबरच.

बातमी अशी, की आपल्या रसायन विभागात एकदाचं नवं इन्फ्रारेड यंत्र आलं. शिपाईकाका खोकं उघडून म्हणाले, "बाई, एवढ्याशा पेटीसाठी चार वर्षं अर्ज?" एक थेंब ठेवायचा, की त्यात काय काय आहे त्याचा आलेख पडद्यावर. जुन्या यंत्रात नमुना ज्यांच्यामध्ये धरायचो, आपल्या त्या मिठाच्या चकत्या आता नकोतच. जरा दमट हवा लागली, की पाणी पिऊन रुसायच्या मेल्या!

पहिला नमुना कुणाचा, यावर पोरांची भांडणं जुंपली. मी कपाटातून तुझ्या नमुन्याची सीलबंद कुपी काढली, सत्तेचाळीस नंबरची.

आलेखात पाण्याची खूण नव्हती गं. नावालाही नव्हती.

"मी तीनदा वाळवलंय, मावशी," चार वर्षांपूर्वी जुन्या यंत्राने याच नमुन्यात पाणी दाखवलं, तेव्हा तू रडवेली होऊन सांगत होतीस. आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "इथे मी मावशी नाही. हलगर्जीपणा घरी ठेवून यायचा." भाचीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून बोलले, असं मी आजवर मनाला समजावत आले.

पुढचं लिहायला हात धजत नाही. तू विभाग सोडून गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या चकत्याच यंत्रात लावून पाहिल्या. पाणी त्यांच्यातच होतं! नमुन्याआधी रिकाम्या चकत्या तपासायच्या, हे तुला मीच शिकवलेलं. चकत्यांचा डबा माझ्या कुलपात, म्हणजे तपासणीही माझीच. मी ती केलीच नव्हती.

तेव्हाच तुझ्या दारात यायला हवं होतं. पण चारचौघांत बोललेलं चारचौघांत मागे घ्यायचं, तर नाक आडवं आलं. उलट नव्या यंत्राच्या अर्जाला मी तुझेच अकरा आलेख जोडले: बघा, आमच्याकडे कोरडा नमुनाही ओला दिसतो. त्याच पुराव्यावर यंत्र मंजूर झालं. आणि तू तिकडे औषधाच्या दुकानात गोळ्या मोजत बसलीस.

काल त्याच टेबलापाशी उभी राहून पोरांना सगळं सांगितलं. जिने ऐकायला हवं होतं, ती तूच तिथे नव्हतीस.

नवा आलेख सोबत पाठवते आहे. त्यावर तुझं नाव घातलंय. परत ये म्हणत नाही. ते म्हणायची वेळ मीच घालवली.

तुझी,
अजून म्हणवत असेल तर, मावशी