नकार देणाऱ्यांची मोजणी

३ मार्च, सोमवार

पत्रविभाग सुटला. पाच महिने 'आपला अर्ज मिळाला, कार्यवाही सुरू आहे' हे एकच वाक्य नावं बदलून पाठवत होते. आजपासून बँकेच्या वेबसाइट विभागात. विभागप्रमुख मॅडमनी पहिलं काम दिलं: कुकीबद्दलची सूचना मराठीत नीट लिही. दोनशे शब्द.

महिनाअखेरीला प्रोबेशन संपतं. काम जमलं तर इथेच कायम, नाहीतर परत पत्रविभाग. जमेल. न जमण्यासारखं त्यात काही नाही.

जुनी सूचना वाचली. 'कुकी ह्या लहान मजकूर संचिका असून त्या आपल्या उपकरणावर स्थापित होऊ शकतात.' वाचणाऱ्याला वाटेल, गोळी घेतल्यावर होणारा त्रास आहे.

संकल्प: आईला कळेल असं लिहायचं. लोकांना अंधारात ठेवून 'मान्य' म्हणवून घेणं मला मान्य नाही.

४ मार्च, मंगळवार

आई लाँड्रीत बिल्ले लावते. हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, सगळं एकाच मशीनमध्ये जातं, म्हणून प्रत्येकाच्या कोपऱ्याला नंबराचा बिल्ला. जेवताना तिला सांगितलं, कुकी म्हणजे साइटने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली चिठ्ठी. पुढच्या वेळी आपण गेलो की साइट ती चिठ्ठी बघते आणि ओळखते, हे तेच. आई म्हणाली, म्हणजे बिल्लाच की. मी म्हटलं, हो, पण खूपदा न विचारता लावतात. आई म्हणाली, चादरीला कोण विचारतं.

मुद्दा तिच्या लक्षात आला नाही. दादा म्हणाला, ग्रॅज्युएट, मीठ दे.

बाबा त्याच लाँड्रीची गाडी चालवतात. गल्लीत त्यांनी सांगून ठेवलंय की बँकेची वेबसाइट आमची मुलगी लिहिते. सगळी नाही, असं मी म्हटलं. ते म्हणाले, हळूहळू.

७ मार्च, शुक्रवार

तीन हजार चारशे शब्द झाले. यापेक्षा कमी करणं म्हणजे जनतेशी प्रतारणा.

कुकी चार प्रकारच्या. एक, गरजेची: ती नसेल तर लॉगिन केल्यावर पुढच्याच पानावर साइट विचारेल, आपण कोण. दुसरी तुमची भाषा लक्षात ठेवते. तिसरी मोजणीची: कोण आलं, काय वाचलं, किती वेळ थांबलं. चौथी जाहिरातीची: तुम्ही घरकर्जाचं पान उघडलंत की पुढचे पंधरा दिवस जिकडे तिकडे घरं.

तिसरीबद्दल मी सरळ लिहिलं: 'ही कुकी तुमच्या उपयोगाची नाही, आमच्या उपयोगाची आहे. नको म्हटलंत तर तुमचं काहीही अडणार नाही.' मॅडमनी हे वाक्य दोनदा वाचलं. म्हणाल्या, खरं आहे, पण असं लिहितात का. मी म्हटलं, खरं आहे ना. त्या म्हणाल्या, एवढं कोण वाचणार पण. मी म्हटलं, लिहिलंच नाही तर कोण वाचणार.

शेवटी असं ठरलं: पान जसंच्या तसं लावायचं. महिनाअखेरीपर्यंत पाचशे वाचक आले तर पान राहील आणि मीही राहीन. पाचशे म्हणजे काहीच नाही. बँकेचे ग्राहक लाखांत आहेत. मॅडमना माझा अंदाज आलेला नाही.

१० मार्च, सोमवार

सकाळी दहाला पान लागलं.

साइट उघडली की खालून पट्टी वर येते. त्यात मोठं निळं बटण: 'सर्व मान्य'. शेजारी बारीक राखाडी अक्षरांत 'नको'. त्याखाली आणखी बारीक, 'अधिक माहिती'. तिथे दाबलं की माझं पान. पट्टी गेली तरी ही लिंक साइटच्या तळाशी राहते. अक्षरं मोठी करा असं सांगून आले. डिझाइनवाला म्हणाला, ती मुद्दामच बारीक आहेत. हा संघर्ष पुढच्या महिन्यात घेईन.

संध्याकाळी घरच्या तिन्ही फोनवर मी स्वतः 'नको' दाबून दिलं. बाबांनी विचारलं, यामुळे बँक रागावणार नाही ना. मी त्यांना नागरिकाच्या हक्कांबद्दल वीस मिनिटं सांगितलं. ते उभे राहून ऐकत होते.

१४ मार्च, शुक्रवार

वाचक: शून्य.

मोजणीचं काम एकच माणूस बघतो. सगळे त्याला आकडेवाला म्हणतात. त्याला विचारलं, यंत्रणा बंद आहे का. म्हणाला, चालू आहे. मग त्याने सांगितलं की मोजणी होते तीच मुळी मोजणीच्या कुकीवर. 'सर्व मान्य' दाबणारा मोजला जातो. 'नको' म्हणणारा मोजला जात नाही.

मग उलगडा झाला. माझं पान वाचून पटलेला प्रत्येक माणूस 'नको' म्हणणार. म्हणजे तो मोजला जाणार नाही. म्हणजे शून्य याचा अर्थ, वाचणाऱ्या प्रत्येकाला पटलं. एकही अपवाद नाही.

आकडेवाला म्हणाला, किंवा कुणी वाचलंच नाही. मी त्याला विचारलं, पुरावा आहे का. तो चहा प्यायला गेला.

१७ मार्च, सोमवार

अजूनही शून्य. जनजागृती टिकून आहे.

मॅडमना लेखी निवेदन दिलं: नकार देणाऱ्यांचीही मोजणी व्हावी. त्यांनी विचारलं, मोजू नका म्हणणाऱ्याला मोजायचं कसं. मी म्हटलं, हा प्रश्न तंत्रज्ञानाचा आहे, तत्त्वाचा नाही. त्या म्हणाल्या, एकतीस तारखेपर्यंत पाचशे. हे त्या फार शांतपणे म्हणतात.

दादा फ्रिज दुरुस्त करतो, रोज दहा घरांत जातो. म्हणाला, प्रत्येक घरी, शेजारपाजारचे धरून, पाच-पाच फोनवर निळं बटण दाबून तुझं पान उघडून देतो, आठ-दहा दिवसांत फेरी पूर्ण करू. मी साफ नकार दिला. जे पान 'नको म्हणा' सांगतं, ते जगवण्यासाठी लोकांना 'मान्य' म्हणायला लावू? दादा म्हणाला, कॉम्प्रेसर जळाला की गिऱ्हाईकही असंच बोलतं. हे काय बोलणं झालं, कळलं नाही.

संकल्प: नोकरी गेली तरी चालेल. (ओळ नंतर खोडली. पत्रविभागात गेले तरी चालेल, असं वाचावं.)

१९ मार्च, बुधवार

वाचक: एक.

वाईट बातमी. कुणीतरी निळं बटण दाबलं आणि मग माझं पान उघडलं. तब्बल अठ्ठावीस मिनिटं थांबला. एवढं वाचूनही निर्णय बदलला नाही.

आकडेवाला म्हणाला, अभिनंदन. त्याला यातलं गांभीर्य कळत नाही. दोन दिवसांपूर्वीपर्यंत माझं यश शंभर टक्के होतं.

पानाची सुरुवात बदलली. अधिक थेट केली.

२० मार्च, गुरुवार

तोच परत आला. मोबाइलवरून, अकरा वाजून दोन मिनिटांनी. सव्वीस मिनिटं. अजूनही 'मान्य'.

माणूस जिद्दी दिसतो. नवा परिच्छेद लिहिला, अगदी वर: 'आपण हे वाचूनही सर्व मान्य केलं असेल, तर कृपया पुन्हा विचार करावा. मर्जी राखण्यासाठी दिलेली संमती ही संमती नव्हे.'

२४ मार्च, सोमवार

शुक्रवारी आला. आज आला. वेळ तीच. संमती कायम.

माझ्या प्रत्येक बदलाला तो दुसऱ्या दिवशी येऊन उत्तर देतो. न बोलता. अभ्यासू, सुशिक्षित, वाद घालणारा. बहुधा वकील. बँकेच्या इतिहासात कुकीच्या सूचनेवरून असा वाद झाला नसेल.

आज सकाळी आल्या आल्याच सुरुवात तिसऱ्यांदा बदलली होती. सूर जरा कडक ठेवला. 'काही वाचकांना आपण फार समजूतदार आहोत असं वाटतं.'

बाबा आज संध्याकाळी गप्प गप्प होते. गाडीचं काहीतरी असेल.

२६ मार्च, बुधवार

मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, एक वाचक. मी म्हटलं, पण कसा. त्या म्हणाल्या, पाचशे ठरले होते. मी म्हटलं, हा एक पाचशेंना भारी आहे, आणि शिवाय न मोजलेले हजारो आहेत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, तुझी तब्येत बरी आहे ना. बरी आहे, असं सांगितलं. डुगडुगीत खुर्चीत जितकं ताठ बसता येईल तितकं बसले होते.

२८ मार्च, शुक्रवार

आकडेवाला स्वतः माझ्या टेबलाशी आला. हातात कागद. म्हणाला, कुकी नसली तरी कुठलंही पान कुणी मागितलं की सर्व्हरवर एक ओळ पडतेच. नाव कळत नाही, पण मागणी कळते. मॅडमनी ती यादी काढायला सांगितली होती. या महिन्यात तुमचं पान एकाहत्तर वेळा मागितलं गेलं.

मी म्हटलं, बघा. तो म्हणाला, त्यातल्या त्रेसष्ट ह्या तुमच्या टेबलावरून. उरलेल्या आठ त्याच एका मोबाइलवरून. मी विचारलं, आणि बाकीचे? तो म्हणाला, बाकीचे नाहीत.

मी त्याला म्हटलं, सर्व्हर शेवटी बँकेचाच. तो म्हणाला, हो, आपण दोघंही. कागद ठेवून गेला. जाताना खुर्चीच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. खुर्ची डुगडुगायची थांबली. मी आभार मानले नाहीत.

सुरुवात पुन्हा बदलली. वकिलाला सोडणार नाही.

३० मार्च, रविवार

जेवताना बाबा म्हणाले, एक विचारू का, रागावणार नाहीस ना. मग म्हणाले, तू सुरुवात सारखी का बदलतेस?

हॉस्पिटलच्या मागच्या गेटशी चादरी मोजून मिळेपर्यंत गाडी अर्धा तास उभी असते. अकरा ते साडेअकरा. बाबा तेवढ्यात वाचत होते. मोबाइलवर, एकेका शब्दाखाली बोट ठेवून. तिसऱ्या परिच्छेदापर्यंत पोचतात तोवर चादरी येतात. दुसऱ्या दिवशी तिथून पुढे जावं म्हटलं तर वरचं सगळं वेगळंच. त्यांना वाटलं, आदल्या दिवशी आपण चुकीचं वाचलं. म्हणून पुन्हा पहिल्यापासून. 'काही वाचकांना आपण फार समजूतदार आहोत असं वाटतं' इथे ते एक दिवस बराच वेळ थांबले होते, असं म्हणाले.

मी विचारलं, पण तुमच्या फोनवर मी 'नको' दाबून दिलं होतं. ते म्हणाले, ते मी आठवड्याने दादाला सांगून पुसून घेतलं. पट्टी परत आली आणि मी निळं दाबलं. का? म्हणाले, पोरीने लिहिलंय, आणि त्याला मी 'नको' म्हणू?

दादा हसायला लागला. आईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो ताट घेऊन उठला.

मी बाबांना संमतीची व्याख्या पुन्हा समजावून सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या वाक्यानंतर जमेना.

३१ मार्च, सोमवार

मॅडम चांगलं बोलल्या. भाषा स्वच्छ आहे म्हणाल्या. उद्यापासून पत्रविभाग. पान आज संध्याकाळी उतरवतील, दोनशे शब्दांचं दुसरं लागेल. मी त्यांना सांगितलं की माझ्या मते मी हरलेले नाही. त्या म्हणाल्या, ठीक आहे.

मी हरलेले नाहीच. वाचणाऱ्यांपैकी शंभर टक्के लोकांनी पुन्हा पुन्हा वाचलं, हे कुठल्या पानाबद्दल म्हणता येईल?

पान उतरायच्या आधी प्रिंट काढली. मोठ्या अक्षरांत, सतरा कागद, सुरुवात अगदी पहिली होती तीच. घरी येऊन बाबांना दिली. म्हटलं, आता बदलणार नाही, निवांत वाचा, कुठलंही बटण दाबायचं नाही.

बाबांनी हात पुसले. कागद एकसारखे केले. चष्मा लावला, खिशातून पेन काढलं आणि विचारलं, सही कुठे करायची.