दिलीपची तिसरी ओळ

३ नोव्हें., सोम.
मुक्ताचा पुण्याहून इथे दिल्लीला फोन. आई-बाबा, रोज संध्याकाळी तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या, मनापासून आभार मानायचे, बघा किती हलकं वाटतं. म्हटलं, बाई गं, तुझी आई बावीस वर्षं व्हिजिलन्समध्ये लोकांच्या चौकशा करतेय, काही चांगलं दिसलं की आधी फाइल उघडते. "म्हणूनच लिही." कार्टी!
१. पाणी वेळेवर आलं. २. आल्याचा चहा. ३. सुचत नाही.

६ नोव्हें.
नवरा मात्र लागलाय लिहायला. दिलीप! ज्याने जन्मात कधी वाण्याची यादी केली नाही. वर आज पोळी वाढली तर म्हणे, "थँक्यू, सरिता." तव्यावरची जळली. घरातल्या माणसाला कोणी थँक्यू म्हणतं का? सत्तावीस वर्षांत एकदा नाही म्हणाला.

११ नोव्हें., मंगळ.
चहाला थँक्यू. डब्याला थँक्यू. बटण लावलं, थँक्यू. ऑफिसात एखादा असा अचानक गोड झाला की काय समजायचं, ते मला विचारा. त्यात आज परत उशीर, गेल्या मंगळवारसारखाच. "मेट्रोला गर्दी यार." बिल्कुल विचारलं नाही मी. आमची पद्धतच ती. समोरच्याला बेसावध ठेवायचं, तो आपोआप चुकतो.

१४ नोव्हें.
वरच्या मजल्यावरच्या भाभी जिन्यात म्हणाल्या, "भाईसाहब आजकल कितने खुश लगते हैं!"
हेच तर! दुसरी कोणी असेल तर? या वयात मी काय करू? भीती वाटते, खरंच.

१६ नोव्हें., रवि.
दि. मासे आणायला आयएनए मार्केटला गेला. त्याची वही शोधायला उठले, तर टेबलावरच पडलेली. लपवलेलीसुद्धा नाही.
पहिल्या दोन ओळी रोज वेगळ्या. मेट्रोत सीट. मेथीची भाजी. मुक्ताचा मेसेज. तिसरी अकरा तारखेपासून रोज तीच:
"आज सरिताने काही विचारलं नाही."
बसून मागची सगळी पानं परत तपासली. तो पापलेट घेऊन आला तेव्हा कुठे उठले.

१७ नोव्हें.
मुक्ताला विचारलं, बाबा काही लपवतायत का गं? "आई, तू त्यांना कायम कुठे, कोणाबरोबर, किती वाजता, हेच विचारत आलीस. मलाही. मी पुण्याला का आले असं वाटतं तुला?" हसत म्हणाली. मला नाही हसू आलं.
म्हणजे मी सापळा लावून गप्प बसले होते, आणि हा रोज त्याचेच आभार मानत होता. की खरंच काही आहे म्हणून सुटल्यासारखं वाटतंय त्याला?

१८ नोव्हें., मंगळ.
पाऊण तास उशीर. चेहरा हसरा. अगदी जिभेवर आलं होतं, गिळलं. पाणी दिलं.
"थँक्यू."
आता समोर बसून लिहितोय. तिसऱ्या ओळीवर आलाय, मान वर करून माझ्याकडे बघून घेतलं.
१. ऊन पडलं. २. दि. घरी आला. ३. आज मी काही विचारलं नाही.
पण होता कुठे?